पुलीवर 36 किलोन्यूटन लिहिलंय, मग 400 किलोला प्रश्नच काय?

प्रश्न असा आहे: 400 किलोचं मशीन वर घ्यायचंय, छताच्या बीमला एक पुली टांगायची, 12 मिमीची पॉलिएस्टर दोरी त्यावरून खाली आणायची, जमिनीलगत दुसऱ्या पुलीवरून वळवून विंचला, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला, जोडायची. वरच्या पुलीवर 36 किलोन्यूटन कोरलंय, म्हणजे साडेतीन टनांच्या वर, म्हणजे नऊपट मार्जिन आहे, बरोबर ना? आणि खालची पुली नुसती दोरी वळवायलाच आहे तर तिथे हार्डवेअरच्या दुकानातली साधी पुली चालेल का?

दोन्हींचं उत्तर नाही. नऊपट मार्जिन नाहीये, जेमतेम चारपट आहे, आणि खालची पुली साधी तर अजिबात नको. कसं ते सविस्तर सांगतो, कारण इतकी वर्षं रिगिंग, म्हणजे दोर-पुलींनी जड सामान उचलायचं काम, करताना मी बघत आलोय की पुलीवरचा आकडा वाचून भले भले लोक इथेच फसतात.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की बसवा. टांगलेली पुली लोड उचलत नाही, ती तिच्यावरून गेलेल्या दोरीच्या दोन्ही बाजूंची बेरीज उचलते. एका बाजूला 400 किलो लटकलेत, ते तोलून धरायला दुसऱ्या बाजूला तेवढाच ताण लागणार, म्हणजे पुलीला, तिच्या कॅराबिनरला (उघडबंद होणारी धातूची कडी) किंवा शॅकलला (पिनेने बंद होणारी यू आकाराची कडी), स्लिंगला (बांधायचा पट्टा) आणि बीमला लागले 800 किलो. 400 किलो म्हणजे 3.92 किलोन्यूटन, आपण 4 धरू, तर पुलीवर 8 झाले आणि अजून काहीच हललेलं नाही.

आता हलवा. पुलीत घर्षण असतं, त्यामुळे लोड वर घेताना ओढणाऱ्या बाजूचा ताण लोडपेक्षा जास्त होतो. चांगल्या बॉल बेअरिंगच्या पुलीची एफिशियन्सी, म्हणजे ओढलेल्या जोरातला जेवढा पलीकडे पोचतो तो भाग, साधारण 90 ते 95 टक्के असते. 90 धरली तर ओढायच्या बाजूला 4 भागिले 0.9 म्हणजे 4.44, आणि पुलीवर एकूण 8.44. साध्या बुशची (गोळ्यांऐवजी नुसती धातूची नळी) छोटी पुली असेल तर एफिशियन्सी 70 च्या आसपास येते, मग ओढायला 5.7 लागतात आणि पुलीवर 9.7 येतात. खाली सोडताना उलटं होतं, घर्षण तुम्हाला मदत करतं आणि धरणाऱ्या बाजूचा ताण कमी होतो, म्हणून बरेचदा लोड उतरवताना सगळं नीट वाटतं आणि चढवताना कुरकुर सुरू होते.

आणि पुली जाम झाली तर? हे कोणी धरतच नाही. चाक फिरायचं थांबलं की ती पुली राहत नाही, तो एक गोल रॉड झाला ज्यावरून दोरी घासत जाते. घर्षणाचा गुणांक 0.25 धरला आणि दोरी अर्धा वेढा फिरून जात असेल तर ताणाचं गुणोत्तर 2.2 च्या आसपास येतं, म्हणजे 4 किलोन्यूटनचा लोड वर घ्यायला विंच 8.8 ओढणार आणि पुलीवर येणार 12.8. विंच चालवणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की "आज जरा जड जातंय". म्हणून मी लोकांना सांगतो की विंच नेहमीपेक्षा जड वाटलं की जोर वाढवायचा नाही, थांबायचं आणि वर बघायचं.

आता 36 कडे येऊ. ही बहुतेक वेळा तुटण्याची मर्यादा असते, म्हणजे नवी पुली टेस्ट मशीनवर सरळ, हळूहळू, दोन्ही बाजूंना सारखा ताण देऊन ओढली तर तिथपर्यंत टिकते. काम करायची मर्यादा ती नाही. काही कंपन्या 18 × 2 = 36 असं कोरतात, ते मला फार आवडतं, कारण तिथे सरळ लिहिलेलं असतं की दोरीच्या एका बाजूला 18 आणि दोन बाजू मिळून 36. तुमच्या पुलीवर नुसतं 36 असेल तर तेही दोन्ही बाजू धरूनच समजायचं. आता सामान उचलायच्या कामात पाचास एक हा सेफ्टी फॅक्टर धरला तर 36 चे झाले 7.2, तेही दोन्ही बाजू मिळून, म्हणजे एका बाजूला 3.6 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 365 किलो. तुमचं मशीन 400 चं आहे. घर्षण न धरता, झटका न धरता, अगदी आदर्श परिस्थितीतसुद्धा तुम्ही त्या मर्यादेच्या बाहेर आहात. बनवणाऱ्याने पुलीवर किंवा सोबतच्या पत्रकात वर्किंग लोड लिमिट, म्हणजे काम करायची मर्यादा, वेगळी दिली असेल तर तीच पाळायची. 36 ची पुली आणि वर्किंग लोड लिमिट 8, अशा पुली मी वापरल्यात, आणि 8 मध्येही तुमचे 8.44 बसत नाहीत.

झटक्याचं काय होतं तेही बघून घ्या. समजा लोड दोरीवर स्थिर असताना दोरी 5 सेंमी ताणली जाते. आता तोच लोड कुठेतरी अडकला, दोरी ढिली झाली, आणि तो सुटून 30 सेंमी खाली पडून दोरीवर आला. शाळेत शिकलेलं ऊर्जेचं गणित मांडलं की वजनाच्या 4.6 पट ताण निघतो. 4 चे झाले 18.4. पुलीच्या दुसऱ्या बाजूला दोरी घट्ट बांधलेली असेल तर पुलीवर त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे 36.8. तुमचा 36 चा आकडा एक फूटभर ढिलाईने संपला. प्रत्यक्षात घर्षण, गाठी आवळल्या जाणं, बीमचं थोडं वाकणं यात बरीच ऊर्जा जाते त्यामुळे आकडा कमी येईल, पण त्या भरवशावर कोणी 400 किलो डोक्यावर टांगू नये. अजिबात न पडता नुसता अचानक सोडलेला लोडसुद्धा क्षणभर दुप्पट ताण देतो. झाडं कापणारे लोक वरचा ओंडका कापून खालच्या पुलीवर झेलतात तेव्हा त्यांना हेच रोज सोसावं लागतं, म्हणून त्यांच्या पुली दिसायला एवढ्या जाडजूड असतात आणि दोरी ब्रेकवरून थोडी घसरत सोडत लोड थांबवतात, एकदम अडवत नाहीत.

आता खालची पुली, जी "नुसती वळवायला" आहे. माझं सगळ्यात जास्त बोलणं याच पुलीबद्दल असतं.

दोरी ज्या कोनात वळते त्यावर पुलीचा लोड ठरतो. दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतील तर ताणाच्या दुप्पट. मधला कोन 60 अंश असेल तर 1.73 पट, 90 असेल तर 1.41 पट, 120 ला बरोबर एक पट, आणि 150 ला जेमतेम अर्धा. तुमच्याकडे दोरी वरून सरळ खाली येते आणि जमिनीलगत आडवी विंचकडे जाते, म्हणजे 90. घर्षण धरून त्या पुलीवर साडेसहा किलोन्यूटन येतील, म्हणजे साडेसहाशे किलोच्या वर, लोडपेक्षाही जास्त! आणि हा जोर कुठल्या दिशेला जातो तर कोनाच्या बरोबर मधल्या रेषेत, तिरपा, वर आणि विंचच्या बाजूला. जमिनीतला बोल्ट, खांबाला बांधलेली स्लिंग, जे काही तिथे असेल ते तिरपं उपटलं जाणार असतं. लोक खालचा अँकर बांधताना तो खाली आहे म्हणून निर्धास्त असतात, खाली काही पडणार नाही असं वाटतं.

मी कामाला लागलो त्या पहिल्या काही वर्षांत एका साइटवर अशीच वळणाची पुली एका रेलिंगच्या पाइपला बांधली होती. बांधणाऱ्यांत मीही होतो. वरचं सगळं तपासलं, बीम तपासला, शॅकलच्या पिना तपासल्या, आणि खाली दोरी वळवायला जे हाताशी आलं त्याला स्लिंग मारली. लोड दोन मीटर वर गेला आणि तो पाइप वाकला, तुटला नाही, वाकला, दोरीची वळण्याची जागा एका क्षणात फूटभर सरकली आणि लोड तेवढा खाली बसला. दोरी थरथरत राहिली आणि वर टांगलेलं सगळं बराच वेळ झुलत होतं. कोणाला लागलं नाही कारण दोरीच्या आतल्या बाजूला कोणी उभं नव्हतं, आणि ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वळणाची पुली पहिली तपासतो, वरची नंतर.

आतल्या बाजूला उभं न राहण्याची गोष्ट पुन्हा सांगतो, कारण यावर जीव जातात. दोरी पुलीवरून वळते तेव्हा जो कोन तयार होतो त्याच्या आतल्या पोटात कधीही उभं राहायचं नाही. वळणाची पुली सुटली तर ताणलेली दोरी सरळ व्हायला बघते आणि पुलीसकट त्या पोटातून गोफणीसारखी जाते. जहाज धक्क्याला बांधायच्या दोरांच्या आसपास धोक्याचा भाग मानतात तो अशाच भीतीने. विंच चालवणारा, बघणारे, फोटो काढणारे, सगळे कोनाच्या बाहेर. हातसुद्धा पुलीपासून दूर, हातमोजा घातलेला हात दोरीबरोबर चाकात ओढला जायला वेळ लागत नाही.

मग तुमच्या 400 किलोचं करायचं काय? मोठी पुली घ्या हे एक उत्तर झालं, पण त्याने बीमवरचे साडेआठ किलोन्यूटन कमी होत नाहीत. मी असतो तर सिस्टिम बदलली असती. एक पुली लोडवर लावा, दोरीचं एक टोक बीमला बांधा, दोरी लोडवरच्या पुलीतून वर न्या, बीमवरच्या पुलीवरून खाली आणा. आता लोड दोन दोऱ्यांवर आहे. 90 टक्क्यांच्या पुली धरल्या तर ओढायला 2.34 किलोन्यूटन लागतात, लोडवरच्या पुलीवर 4, बीमवरच्या पुलीवर 4.44, आणि बांधलेलं टोक धरून बीमवर एकूण 6.3. त्याच 36 च्या पुली आता 7.2 च्या आत आरामात बसतात. खालच्या वळणावर साडेसहाच्या जागी साडेतीन येतात. दोरीवरचा ताणही जवळजवळ अर्धा झाला. बदल्यात दोरी दुप्पट ओढावी लागेल आणि विंचच्या ड्रमवर ती मावते का ते बघावं लागेल. बीम मात्र कोणत्याही परिस्थितीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या, तो 6.3 अधिक झटक्याची तयारी धरून काय म्हणतो ते महत्त्वाचं, माझा किंवा तुमचा अंदाज नाही.

इथेच स्वस्त पुलीचा हिशोब पण करून टाकू. वरच्याच रचनेत 70 टक्क्यांच्या पुली लावल्या तर ओढायला 3.36 लागतात. म्हणजे कागदावर दोनास एक, हातात मिळतात 1.2. तीनास एकची रचना घेतली आणि पुलीऐवजी नुसते कॅराबिनर वापरले, ज्यांची एफिशियन्सी साधारण 50 धरतात, तर मिळतात 1.75. चांगल्या 95 च्या दोन पुली लावल्या तर 2.85. आणि एक गंमतीची पण फार उपयोगाची गोष्ट, तुमच्याकडे एकच चांगली पुली असेल तर ती ओढणाऱ्या हाताच्या सगळ्यात जवळ लावा. 95 ची पुली हाताजवळ आणि कॅराबिनर पुढे ठेवला तर तीनास एकमध्ये 2.4 मिळतात, उलट लावलं तर 1.97. सामान तेच, जागा बदलली. कारण पहिल्या वळणावर गेलेला ताण पुढच्या सगळ्या वळणांना कमी मिळतो.

आता डिझाइन, म्हणजे पुली हातात घेऊन काय बघायचं.

पहिलं चाकाचा व्यास, आणि तो खाचेच्या तळाशी मोजायचा, बाहेरच्या कडेला नाही. बाहेरून 50 दिसणारं चाक तळाशी 38 भरू शकतं. दोरी वाकते तेव्हा बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात, आतले दाबले जातात, आणि चाक जेवढं लहान तेवढं हे जास्त. बचावकामातल्या कर्नमँटल (आत गाभा, वर विणलेलं आवरण) दोऱ्यांना दोरीच्या व्यासाच्या चौपट चाक असावं असं सर्रास मानतात, म्हणजे 11 मिमीला 44. वेणीच्या रिगिंग दोऱ्यांना आठपट सांगतात, म्हणजे तुमच्या 12 मिमीला 96. स्टीलच्या वायर रोपला तर 18-20 पट आणि त्याहून जास्त लागतं, म्हणून क्रेनची चाकं एवढी मोठी दिसतात. लहान चाकावर दोरी एका दिवसात तुटत नाही, ती फेऱ्यागणिक आतून थकत जाते आणि बाहेरून चांगलीच दिसते, हा त्यातला वाईट भाग आहे. तुमचं काम एकदाच उचलायचं असेल तर चौपट-पाचपट चाकावर निभेल, पण रोज वरखाली करणार असाल तर आठच्या खाली मी जाणार नाही.

मग खाच. गोल तळाची, दोरीपेक्षा किंचित मोठी, साधारण पाच ते दहा टक्के. खाच अरुंद असेल तर दोरी दोन्ही बाजूंनी चिमटली जाते, आवरण खरवडलं जातं. फार रुंद असेल तर दोरी चपटी होऊन पसरते आणि तिला बाजूंचा आधारच मिळत नाही. व्ही आकाराची खाच पट्ट्यासाठी ठीक, लोड टांगलेल्या दोरीला नको. चाकाची कड आणि साइड प्लेट यांच्यातली फट दोरीच्या मानाने अगदी लहान पाहिजे, नाहीतर जाड पुलीत बारीक दोरी घातली की ती एक दिवस चाकावरून उतरून त्या फटीत बसते, आणि मग ती ताणाखाली काढता येत नाही. म्हणून पुलीवर दोरीचा जास्तीत जास्त व्यास लिहिलेला असतो तेवढाच बघून चालत नाही, कमीत कमीचाही विचार करायचा.

आणि एक, ज्या चाकावर आधी वायर रोप चाललीय त्यावर तंतूची दोरी कधी घालू नका. खाचेत वायरच्या पिळाचे ठसे उमटलेले असतात, बोट फिरवलंत तर खरखर लागते, ती कानस आहे तुमच्या दोरीसाठी.

बेअरिंगबद्दल लोकांचा समज असतो की बॉल बेअरिंग म्हणजे चांगलं आणि बुश म्हणजे स्वस्त. तसं नाहीये. बॉल बेअरिंग हलकं फिरतं, हाताने ओढायच्या सिस्टिमला, लांब पल्ल्याला, वेगाला उत्तम. पण झटक्याचा लोड आला की गोळ्या त्यांच्या वाटेत खड्डे पाडतात, मग पुली फिरताना टकटक लागते आणि तिथून तिचं आयुष्य उतरणीला लागतं. ब्राँझच्या बुशला एवढा नाजूकपणा नसतो, लोड मोठ्या पृष्ठभागावर पसरतो, म्हणून झाडकामातल्या झटका सोसणाऱ्या ब्लॉकमध्ये बुशच असतो. बुशमध्ये घर्षण किती हे शाफ्टची जाडी आणि चाकाचा व्यास यांच्या गुणोत्तरावरही जातं, मोठ्या चाकाचा बुश लहान चाकाच्या बुशपेक्षा हलका चालतो, आणि मोठ्या चाकावर दोरी वाकवायलाही कमी जोर लागतो. तेव्हा चाक मोठं घेतल्याचा फायदा दोन्हीकडून मिळतो. जुन्या शिडाच्या जहाजांवर तर चाकं लिग्नम व्हिटे नावाच्या तेलकट लाकडाची असायची, लाकूडच स्वतःला वंगण देतं म्हणून. 74 तोफांच्या एका जहाजाला जवळपास 1000 कप्प्या लागायच्या, त्यापायी ब्रिटिश नौदलाने पोर्ट्समथला मार्क ब्रुनेलच्या डिझाइनची आणि हेन्री मॉडस्लेने बनवलेली यंत्रं बसवली आणि 1808 सालात तिथे 1,30,000 कप्प्या तयार झाल्या. साध्या कप्पीसाठी जगातला सुरुवातीचा एक मोठा यांत्रिक कारखाना उभा राहिला, एवढी ती महत्त्वाची.

साइड प्लेटबद्दल थोडं. ज्या पुलीच्या प्लेट फिरून उघडतात ती कॅराबिनर लावल्याशिवाय बंदच नसते, आणि दोन्ही प्लेटची भोकं कॅराबिनरमध्ये आहेत का हे प्रत्येक वेळी बोटाने चाचपून बघायचं. एकच प्लेट अडकवून लोड दिलेला मी पाहिलाय, पुली फुलासारखी उघडली. अशा पुलीला ओव्हल कॅराबिनर सगळ्यात चांगला कारण पुली मधोमध बसते आणि दोन्ही प्लेट सारखा लोड घेतात, डी आकारात एक प्लेट कण्याकडे सरकते आणि पुली वाकडी होते. पुलीला स्वतःहून दोरीच्या रेषेत वळायची मोकळीक पाहिजे, बीमला घट्ट टेकून किंवा कोपऱ्यावर अडकून लोड घेत असेल तर बाजूने जोर येतो, आणि बाजूचा जोर सोसायला ती बनवलेलीच नसते. स्विव्हलची, म्हणजे फिरत्या कडीची, पुली जरा महाग पडते पण जिथे दिशा बदलणार आहे तिथे घ्याच.

प्लॅस्टिक किंवा नायलॉनचं चाक हलकं असतं, गंजत नाही, पण वेगाने लोड सोडताना दोरी घसरली तर उष्णता निघायला जागा नसते. दोरीचंही बघा, नायलॉन 6 हा 220 अंशांच्या आसपास वितळतो, पॉलिएस्टर 255-260 ला, आणि ती हलकी महागडी एचएमपीई (खास मजबूत पॉलिइथिलीन) दोरी 150 च्या आधीच. जाम पुलीवरून दोरी जोरात घसरली तर एचएमपीईला तेवढं तापायला काही सेकंद पुरतात. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या प्लेट आणि स्टीलची पिन यांच्यामध्ये पांढरी पूड धरते, गोड्या पाण्याने धुवून वाळवून ठेवायचं.

आता साध्या दुकानातल्या पुलीबद्दल. तिच्यावर लोड लिहिलेला नसतो, बनवणाऱ्याचं नाव नसतं, पिन बरेचदा नुसती ठोकलेली असते, हूक उघडा असतो, चाक ओतीव आणि कडेला धार असते. ती वाईट वस्तू नाही, हलक्या कामाला आहे, फक्त ती किती घेते हे कोणालाच माहीत नाही, विकणाऱ्यालाही नाही. जिच्यावर आकडा नाही तिला मी शून्य धरतो. डोंगरकामाच्या पुलींना ईएन 12278 हे युरोपीय मानक आहे, अमेरिकेत बचावकामासाठी एनएफपीए 1983 या क्रमांकाच्या मानकात (2022 मध्ये ते एनएफपीए 2500 मध्ये विलीन झालं) टेक्निकल वापराच्या पुलीला 22 आणि जनरल वापराच्या पुलीला 36 किलोन्यूटन किमान ठरवलं होतं, तुमची 36 बहुतेक त्याच हिशोबाने आलीय. पण ही मानकं माणसांच्या वजनाभोवती रचलेली आहेत, मशीनच्या नाही. मशीनला औद्योगिक स्नॅच ब्लॉक (बाजूची प्लेट उघडून दोरी घालता येणारी जड पुली) घ्या ज्यावर वर्किंग लोड लिमिट टनात कोरलेली असते, आणि तो आकडा दोरीच्या एका बाजूचा आहे की दोन्हींचा हे पत्रकात वाचूनच घ्या, कंपन्यांची लिहायची पद्धत वेगवेगळी असते. आणि ज्या पुलीने मशीन उचललं ती परत माणसाच्या दोरीवर वापरायची नाही. माणूस टांगायचा असेल तर सगळाच हिशोब वेगळा, दहास एक फॅक्टर, स्वतंत्र अँकरवर दुसरी दोरी, आणि ते शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली.

तपासणी मी अशी करतो. चाक कानाजवळ धरून हाताने फिरवायचं, आवाज आणि अडखळणं ऐकायचं. मग चाक बाजूला हलवून बघायचं, डगडग लागली तर पिन किंवा बुश झिजलाय. खाचेच्या तळाला नख फिरवायचं. प्लेट समांतर आहेत का ते डोळ्यासमोर धरून बघायचं, भोकं लांबट झालीत का, रिव्हेटची डोकी हललीत का. पुली उंचावरून पडली असेल आणि कुठे वाकलेली, चेमटलेली किंवा वेगळी फिरताना दिसली तर ती बाद, तोडून टाकायची, कारण कोपऱ्यात ठेवली की कोणीतरी परत वापरतो. वापरण्याआधी दर वेळी ही तपासणी, आणि जाणकाराकडून नोंद ठेवून ठराविक काळाने. ब्रिटनच्या 1998 च्या लोलर (उचलण्याच्या साधनांच्या) नियमांत उचलण्याच्या जोडसामानाला सहा महिन्यांनी तपासणी सांगितलीय, तुमच्याकडे कायदा काही वेगळा असेल तर तो पाळाच, पण त्यात किती काळाने ते दिलेलं नसेल तर सहा महिने धरा.

तुमच्या कामाच्या दिवशी मशीन जमिनीपासून फक्त 10 सेंमी उचला आणि थांबा. पाच मिनिटं तसंच राहू द्या. गाठी आवळू देत, स्लिंग बसू देत. मशीन खाली ठोकळ्यांवर येईल असे लाकडी ठोकळे आधीच सरकवून ठेवा. मग एका माणसाने प्रत्येक जोड फिरून बघायचा, खालच्या वळणाच्या पुलीपासून सुरुवात करून, चाक फिरलं की दोरी घसरली ते खडूच्या खुणेवरून कळतं, चाकाच्या कडेला आधीच एक रेघ मारून ठेवायची. रेघ जागची हलली नसेल तर मशीन खाली घ्या आणि ती पुली बदला.